दुसरी वेलांटी

शिरूरच्या बाजारपेठेत एडविन पेंटरचं घर विचारलं, तर माणसं सरळ पत्ता सांगत नाहीत. आधी पाट्या दाखवतात. "ती बघा, शितल कोल्ड्रिंक. त्यानंच रंगवलीय. पुढं दिपक सायकल मार्ट, तीबी त्याचीच. तिथनं डाव्या हाताला वळा, मिशन कंपाउंडच्या मागं." घर सापडेपर्यंत एडविन पाटोळ्याच्या आयुष्याचं अर्धं प्रदर्शन बघून झालेलं असतं.

आणि तुम्ही मराठीचे मास्तर असाल, तर तेवढ्यात तुमच्या कपाळाला आठीही पडलेली असते. शीतल पहिल्या वेलांटीची, दीपक पहिल्या वेलांटीचा, पुढं कोपऱ्यावरची कीर्ती टेलर्सही पहिल्याच वेलांटीची. एडविनच्या बाराखडीत दुसरी वेलांटी जवळजवळ नव्हतीच. त्यामागं त्याचं शास्त्र होतं. पहिली वेलांटी अक्षराच्या अलीकडं गुमान उभी राहते. दुसरी मात्र उजवीकडं लोंबते आणि पुढच्या अक्षराची जागा खाते. "पत्रा माझ्या बापाचा न्हाई," असं तो म्हणायचा, "गिऱ्हाइकानं दिलेल्या मापात बसवायचं असतं." त्याला कुणी टोकलं नाही, कारण अक्षर देखणं होतं. देखण्या अक्षराची चूक कोण काढतो? दीपक सायकल मार्टचा दीपक तर पुढं सहीसुद्धा पाटीवरच्यासारखीच करायला लागला.

एडविन पाटोळे म्हणजे उंच, वाळका, कानावर ब्रश आणि खिशात सुतळी असा माणूस. त्यानं शाळांच्या भिंतींवर फुलपाखरं काढली, ट्रकच्या मागं मोर काढले, रांजणगावच्या कारखान्यांत हेल्मेट घातलेले कामगार काढले. निवडणुकीत सगळ्याच पक्षांच्या भिंती रंगवल्या आणि एकाचंही मिंधेपण पत्करलं नाही. मग फ्लेक्स आला. ज्या कामाला एडविनला आठवडा लागायचा ते मशिनमधून चहा पिईस्तोवर बाहेर पडू लागलं. एडविनला फ्लेक्सचा भयंकर राग. "वारं सुटलं की फ्लेक्सवरच्या सायबाचं नाक हालतंय बघा," असं म्हणून तो हसायचा, पण हसताना शिडीवरची धूळ त्याला दिसायचीच.

त्याला एकच मुलगी, फेथ. ती पुण्याला रेडिओलॉजीचा डिप्लोमा करून एका मोठ्या हॉस्पिटलात तंत्रज्ञ म्हणून लागली होती. तिथले डॉक्टर विक्रम मूळचे दौंडचे. त्यांना आपल्या भागात स्वतःचं स्कॅनिंग सेंटर काढायचं होतं आणि मनात अर्थातच दौंड होतं. फेथनं त्यांच्यामागं धोशा लावला. "सर, नगर रोडला रोज अपघात होतात. एमआयडीसी आहे. माणसांना बेशुद्ध अवस्थेत पुण्यापर्यंत नेतात. आधी शिरूरला काढा, मी चालवते." डॉक्टर तिच्या शब्दावर शिरूरला आले. मुलगी घरी परत येणार म्हणून एडविनची बायको दया हिनं माळ्यावरची गादी उन्हात टाकली, आणि पाटीचं काम आपल्याकडं येणार म्हणून एडविननं ठेवणीतले ब्रश रॉकेलमध्ये भिजत घातले.

पाटीचं काम डॉक्टरांनी फोनवरच सांगितलं. "शिरूर सीटी स्कॅन सेंटर. ठळक अक्षरं, लांबून दिसली पाहिजेत." फेथ तेव्हा पुण्यातली नोकरी आवरत होती. एडविननं जीव ओतला. निळी पार्श्वभूमी, पांढरी अक्षरं, त्यांना लाल सावली. आणि अक्षरं झाल्यावर कोपरा रिकामा वाटला म्हणून त्यानं तिथं उंच उंच इमारती काढल्या, खिडक्यांत पिवळे दिवेसुद्धा लावले. सिटी म्हणजे शहर, एवढं इंग्रजी त्याला येत होतं. पाटी झाली अशी: शिरूर सिटी स्कॅन सेंटर. डॉक्टर इंग्रजी शाळेतले. त्यांना वेलांटी दिसलीच नाही, आणि इमारती त्यांना आवडल्या.

सेंटर उघडलं. नारळ फुटला, चर्चच्या पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, पेढे वाटून झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलं गिऱ्हाईक दारात आलं. ते होते पोपटराव, वरच्या आळीतले, काखेत कागदांची पिशवी घेऊन.

फेथनं विचारलं, "पेशंट कोण आहे?"

"पेशंट कशाला?" पोपटराव खुर्चीत बसत म्हणाले. "शेजाऱ्यानं भिंत हातभर माझ्यात घातलीय. मोजणी पायजे. सिटी सर्व्हेवाले तारखावर तारखा देत्यात. म्हटलं, ह्यांचं नवं मशीन आलंय, हे तरी लवकर मोजत्याल."

फेथला आधी हसू आलं. पण तो आठवडा मोजणीवाल्यांचाच गेला. कुणी प्रॉपर्टी कार्ड घेऊन आलं, कुणी भावकीतला नकाशा घेऊन. एकानं तर मशिनच्या त्या भल्यामोठ्या गोल तोंडाकडं बघून विचारलं, "ह्यातनं अख्खं घर कसं काय जातं?" पेशंट मात्र येईनात. बाजारपेठेतले डॉक्टर चिठ्ठी लिहून द्यायचे आणि माणसं सेंटरच्या दारावरून पुण्याला निघून जायची. का जातात हे कुणाला कळेना.

फेथनं मात्र पाटीवर पहिल्याच आठवड्यात बोट ठेवलं होतं. "पप्पा, सीटी दुसऱ्या वेलांटीचं आहे. आणि या बिल्डिंगा कशाला काढल्या?"

"शोभंला."

"लोकांना वाटतंय इथं प्लॉट मोजतात!"

"येका वेलांटीनं काय व्हतंय?" एडविन चिडला. "दिपकचं दुकान काय बंद पडलं का? अख्ख्या गावाच्या पाट्या म्या रंगवल्या, आन् आता घरातलीच पोरगी मला अक्षरं शिकवनार!"

फेथ वळून आत निघून गेली. तिच्या त्या निघून जाण्याचा एडविनला राग आला, आणि मग रागाचाही राग आला. दोन दिवस बापलेक शेजारी शेजारी जेवायला बसून एकमेकांना मीठ मागत नव्हते.

मार्च उजाडला तेव्हा डॉक्टर विक्रम येऊन बसले. त्यांना चिडता येत नाही, ते फक्त आवाज बारीक करतात. "फेथ, मशीन रिकामं ठेवता येत नाही. मे संपेपर्यंत बघू. नाहीतर दौंडला हलवावं लागेल. तिथं स्टेशनसमोर जागा बघून ठेवलीय. तू तिकडं ये, किंवा पुण्याला परत जा. तुझी चूक नाही."

एडविन बाहेर व्हरांड्यात एका गिऱ्हाइकाला मोजणी कचेरीचा रस्ता सांगत उभा होता. त्याला सगळं ऐकू आलं. तुझी चूक नाही, हे वाक्य त्याला सरळ छातीत लागलं. मग कुणाची?

उत्तर त्याला दोन दिवसांनी एसटी स्टँडच्या चहाच्या टपरीवर मिळालं. शेजारच्या बाकावर तुळजाबाई बसल्या होत्या, भाजी विकणाऱ्या, एडविनच्या रोजच्या ओळखीच्या. डोक्याला फडकं आवळलेलं.

"काय मावशी, कुठं?"

"पुन्याला. डोकं लई दुखतंय, डॉक्टरनं सिटी स्कॅन सांगितलाय."

"अवं, मग ही समोर माझ्या पोरीकडं व्हतंय की!"

तुळजाबाईंनी त्याच्याकडं लहान मुलाकडं बघावं तसं बघितलं. "एडविना, सिटी स्कॅन सिटीतच व्हनार ना रं? शिरूरला कसली आलीय सिटी? तुमचं ते शिरूरपुरतं आसंल. डॉक्टरनं मोठं सांगितलंय, सिटीतलं." आणि एसटी लागली तशा त्या उठून गेल्या.

एडविन बाकावर बसून राहिला. चहा पुढ्यात निवला. पुण्याला जाणारी सगळी माणसं अडाणी नव्हती. त्यांनी त्याचीच पाटी नीट वाचली होती. त्यानं शहर लिहिलं होतं, शहर काढलं होतं, त्याच्या खिडक्यांत दिवेसुद्धा लावले होते. आपल्याच हातानं आपण आपली पोरगी गावाबाहेर घालवतोय, या विचारानं त्याला भर स्टँडवर रडू फुटायची वेळ आली. त्यानं नाक पुसलं, घरी जाऊन शिडी उचलली आणि त्याच दुपारी, भर उन्हात, आपल्या हातानं सगळ्या इमारती पुसून टाकल्या. मग ‘सि’ खरवडून तिथं ‘सी’ लिहिला. दुसरी वेलांटी खरोखरच उजवीकडं लोंबली आणि ‘टी’ला सरकावं लागलं, पण त्यानं ते केलं.

फेथनं दारातून पाहिलं. आतून ताक आणून दिलं.

एवढ्यानं भागलं असतं तर बरं झालं असतं. पण त्याच संध्याकाळी रांजणगावच्या कारखान्यातले दोन बिहारी कामगार पाटीखाली थांबले. एकानं वाचलं, "सी-टी," आणि दुसऱ्याला विचारलं, "यहाँ सीटी बजाते हैं क्या?" दुसऱ्यानं लगेच तोंडात दोन बोटं घालून खणखणीत शिट्टी मारून दाखवली. एडविननं शिडीवरच कपाळाला हात लावला.

रात्री जेवायला बसताना त्यानं शरणागती पत्करली. "फेथ, मला आता सांग. ह्या सीटीचा अर्थ तरी काय? अर्थ कळल्याबिगर मी आता ब्रश उचलनार न्हाई."

"सी म्हणजे कॉम्प्युटेड. कॉम्प्युटरनं हिशोब करून काढलेलं. टी म्हणजे टोमोग्राफी."

"टोमॅटोचं काय?"

"टोमोग्राफी, पप्पा! टोमो म्हणजे काप. साध्या एक्स-रेत सगळं एकावर एक येतं. छातीचा काढला तर पुढची फासळी, मागची फासळी, मधलं हृदय, सगळं एकाच कागदावर. हे मशीन अंगाभोवती फिरून सगळ्या बाजूंनी एक्स-रे घेतं, आणि कॉम्प्युटर त्यातून एकेक काप वेगळा करून दाखवतो. आधी याला कॅट स्कॅनसुद्धा म्हणायचे."

"कॅट?"

"मध्ये ॲक्सियलचा ए होता. बरं झालं तो गेला. नाहीतर तुम्ही पाटीवर मांजर काढलं असतं."

दया एवढ्या जोरात हसली की हातातली सुरी खाली ठेवावी लागली. ती कलिंगड कापत होती. एडविन हसला नाही. तो ताटातल्या कलिंगडाच्या चकत्यांकडं बघत होता. दयानं आडवी सुरी घालून गोल चकत्या केल्या होत्या. पहिली बारकी, जवळजवळ पांढरी, मग मोठ्या होत गेलेल्या लालभडक, आणि मधल्या एकीत बियांशेजारी पोकळ फट. बाहेरून ते कलिंगड ठणठणीत होतं.

"ही फट वरनं कुणाला दिसली असती का?" त्यानं चकती उचलून विचारलं.

"नाही."

"आन् तुझं मशीन ही चकती दाखवतं? सुरी न लावता?"

"तेच तर दाखवतं."

एडविन चकती हातात घेऊनच अंगणात गेला आणि बराच वेळ तिथं येरझाऱ्या घालत राहिला.

रविवारी चर्चमधली भक्ती संपल्यावर त्यानं पाळकसाहेबांना, म्हणजे रेव्हरंड सॅमसन यांना, दारातच गाठलं. ते सेमिनरीत, पाळकांच्या विद्यालयात, बायबलसाठी ग्रीक शिकलेले, आणि कुणी ग्रीक विचारलं की त्यांना जेवणाची शुद्ध राहत नाही.

"सलाम, पाळकसाहेब. टोमोग्राफी हा शब्द कुठला म्हनायचा?"

"सलाम, सलाम. अहो, ग्रीकच!" सॅमसनसाहेबांनी छत्री भिंतीला टेकवली. "टोमोस म्हणजे कापलेला तुकडा, काप. कापण्याच्या क्रियापदापासून आलाय. दुधारी तलवारीच्या धारेबद्दल मी मागं उपदेश केला होता ना? तिथला मूळ शब्दही याच घराण्यातला."

"आन् ग्राफी?"

"ग्राफेइन. म्हणजे लिहिणं. कोरणं, रेखाटणं, चित्र काढणं, सगळ्याला एकच शब्द. फोटोग्राफी म्हणजे उजेडानं काढलेलं चित्र. तशी टोमोग्राफी म्हणजे कापाचं चित्र."

"लिहिनं आन् चित्र काढनं, दोन्हीला येकच शब्द?"

"एकच."

एडविनच्या चेहऱ्यावर उजेड पडला तो शेजारी उभ्या असलेल्या दयालाही दिसला. आयुष्यभर तो हेच तर करत आला होता. कुणी त्याला लिहिणारा म्हणालं नाही, कुणी चित्रकार म्हणालं नाही, पेंटर म्हणाले आणि फ्लेक्स आल्यावर तेही म्हणेनासे झाले. आणि इकडं त्याच्या कामाचं नाव त्याच्या पोरीच्या मशिनच्या नावात हजारो वर्षं जुनं होऊन बसलं होतं. "म्हंजी निम्मा शब्द तिचा आन् निम्मा माझा," तो म्हणाला. पाळकसाहेबांना कळलं नाही, पण त्यांनी आमेन म्हटलं.

सेंटरची रस्त्याकडची भिंत लांबलचक आणि कोरी होती. एडविननं डॉक्टरांना विचारलं नाही, चुना मारला आणि सुरुवात केली. डाव्या हाताला एक अख्खं कलिंगड, हिरवंगार, पट्ट्यापट्ट्यांचं, रस्त्यावरच्या माणसानं थांबून बोटानं वाजवून बघावं असं. त्याच्या उजवीकडं, हवेत एकापुढं एक, त्याच कलिंगडाच्या चकत्या. सातव्या चकतीत एक काळा डाग, त्याच्याभोवती बारीक वर्तुळ. कुठंही सुरी नाही. वर मोठ्या अक्षरांत ओळ: ‘सीटी म्हणजे शहर नव्हे. सीटी म्हणजे न कापता काप.’ दुसऱ्या वेलांट्या त्यानं अशा फर्मास काढल्या की जणू इतक्या वर्षांची थकबाकीच त्यानं एका भिंतीवर चुकती केली.

लोक थांबू लागले, कलिंगडाचं कौतुक करू लागले. आत मात्र अजून कुणी शिरेना. एप्रिल सरला. मे अर्धा झाला. अशातच एक दिवस डॉक्टर विक्रम दौंडला त्या नव्या जागेची मापं घ्यायला गेले होते, हे फेथला माहीत होतं आणि फेथच्या तोंडावरून एडविनला. तो शिडीवर चढून शेवटच्या चकतीच्या बिया रंगवत होता. काम संपवून टाकायचं, मग मशीन राहो की जावो, एवढंच त्याच्या मनात होतं.

तेवढ्यात एक जीप भिंतीशी करकचून थांबली. कवठे येमाईची माणसं. मागच्या सीटवर वच्छलाबाई नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. नवरा म्हणजे हरिबा. उभी हयात मेंढरांमागं चाललेला माणूस, मेंढरं विकून आता डाळिंब आणि कांदा करणारा. महिन्याभरापूर्वी टेम्पोत कांद्याची गोणी चढवताना मागचा लोखंडी फाळका डोक्याला लागला होता. टेंगूळ आलं, हळद दाबली, विसरून गेले. आता चार दिवस डोकं दुखतंय, डावा पाय ओढतोय, सकाळपासून झोपच उतरत नाही, आणि इथं येईपर्यंत दोनदा उलटी. सून साधना सासऱ्यांचं तोंड धुवायला नळावर पाणी घेत होती. मुलगा जालिंदर हडपसरच्या मावसभावाशी फोनवर बोलत होता. "आज मुक्कामाला येतो रे. उद्या सकाळी सिटी स्कॅन."

साधनाची नजर भिंतीवर गेली. तिनं मोठ्यानं वाचलं, "सीटी म्हणजे शहर नव्हे." मग नवऱ्याला हाक मारली. "आवं, हितंच लिवलंय की!"

"अगं, ते गावाकडचं," जालिंदर म्हणाला. "डॉक्टरनी सिटीतलं सांगितलंय."

एडविन शिडीवरून उतरला नाही, जवळजवळ पडलाच. हातातला ब्रश तसाच, काळा रंग कोपरावरून ओघळतोय.

"पाव्हणं, आयका माझं. सिटीचा आन् ह्याचा काय बी संबंध न्हाई. ती चूक माझी व्हती. म्याच पाटीवर शहर काढलं, म्हनून सगळा तालुका पुन्याला चाललाय. पुन्यातबी हेच मशीन, हितंबी हेच मशीन. उद्यापतूर कशाला थांबता? आबांकडं बघा तरी!"

"तुम्ही डॉक्टर हाय का?"

"न्हाई, पेंटर हाय."

जालिंदर हसला असता, पण बापाकडं बघून त्याला हसता आलं नाही. तो जीपचं दार लावायला निघाला. तेवढ्यात आतून वच्छलाबाईंचा आवाज आला. त्या मघापासून भिंतीकडंच बघत होत्या.

"पेंटरदादा, त्या कलिंगडातला डाग वरनं दिसतोय का?"

"न्हाई मावशी."

"आन् यांच्या डोक्यातला दिसंल?"

"असंल तर दिसंल."

"सुरी न्हाई ना लावनार?"

"न कापता काप, मावशी. लिवलंय तसंच."

वच्छलाबाईंनी पदर खोचला. "मेंढरू गळपटलं की वरनं काय कळत न्हाई, आन् कापल्यावर कळून उपेग न्हाई. जन्म गेला ह्यात माझा. जालिंदर, उतरव त्यांना. पुनं कुठं पळून जात न्हाई."

फेथनं हरिबांना मशिनच्या टेबलावर नीट निजवलं, डोक्याला पट्टा लावला. गोल तोंड घुमलं. जाड काचेअलीकडं एडविन आणि जालिंदर श्वास रोखून उभे होते. पडद्यावर एकेक चकती उतरू लागली. टाळूची बारकी, मग मोठी, मग त्याहून मोठी. एडविननं हे सगळं भिंतीवर काढलेलं होतं, तरी अंगावर काटा आला. आणि मग एका चकतीपासून उजव्या बाजूला कवटीच्या आतल्या कडेनं राखाडी कोर दिसायला लागली, चंद्राच्या कोरीसारखी, आणि मधली रेघ दुसऱ्या बाजूला ढकललेली.

"हा डाग?" एडविननं कुजबुजत विचारलं.

फेथचे हात थांबले नाहीत. "रक्त साठलंय, पप्पा. मेंदू दाबला जातोय." चित्रं दौंडला गेली. डॉक्टर विक्रम तिथं रिकाम्या खोलीत टेप धरून उभे होते, त्यांनी ती तिथंच मोबाइलवर उघडली आणि लगेच फोन केला. त्यांचा आवाज या वेळी बारीक नव्हता. "हडपसरला मुक्काम नाही, उद्या नाही, आत्ता! मी सर्जनशी बोलतो, ॲम्ब्युलन्स बोलव, त्यांना सरळ थिएटरमध्ये घेतील."

ॲम्ब्युलन्स गेली आणि एडविन भिंतीशी जाऊन बसला. अर्धवट राहिलेली चकती पुरी करायला त्याचा हात चालेना.

संध्याकाळी जालिंदरचा फोन आला. आधी त्याला बोलताच येईना, नुसता हुंदके देत होता. मग जालिंदर म्हणाला, "कवटीला बारीक भोक पाडून रक्त काढलं. आबा उठलं. उठल्या उठल्या इचारलं, आपल्या कांद्याच्या गोण्या झाकल्या का म्हनून. डॉक्टर म्हनले, रात हडपसरला काढली आसती तर आबा दिसलं नसतं." एडविननं फोन फेथच्या हातात दिला, सरळ दयाकडं गेला आणि तिच्या खांद्यावर डोकं ठेवून मनसोक्त रडला. त्या घरात त्या दिवशी कुणी जेवलं नाही आणि कुणाला भूकही लागली नाही.

पुढचं सांगायला वेळ लागत नाही. गावोगावची बातमी पोहोचवायला मेंढपाळाच्या बिरादरीपेक्षा वेगवान काही नाही. कवठ्याहून जीप आल्या, इनामगावहून आल्या, पार कासुर्डीहून एक जण आला आणि म्हणाला, "ते कलिंगडवालं मशीन कुठं हाय?" सीटी, सिटी, सगळं मागं पडलं, लोकांनी त्याला कलिंगडवालंच करून टाकलं. तुळजाबाई आल्या आणि "मला आधी का न्हाई सांगितलंस?" म्हणून उलट एडविनलाच झापून गेल्या. पोपटरावसुद्धा आले, या खेपेला मानेच्या दुखण्यासाठी, पण आत जाण्याआधी त्यांनी हळूच विचारून घेतलं की भिंतीचं काही होईल का.

हरिबा आले ते डोक्यावर फेटा बांधून, टाके झाकलेले, जीपभर कलिंगडं घेऊन. त्यांनी भिंत खालपासून वरपर्यंत पाहिली, सातव्या चकतीवर बोट ठेवलं आणि फेथला म्हणाले, "लेकी, हे माझं डोकं बरं का. तुझ्या बापानं मी यायच्या आधीच काढून ठेवलं." मग एडविनला अशी मिठी मारली की त्याच्या कानावरचा ब्रश उडून पडला.

मशीन शिरूरहून हललं नाही. दौंडची मापं घेतलेली जागा मात्र वाया गेली नाही. तिथं दुसरं मशीन आलं, आणि पहिला फोन डॉक्टरांनी फ्लेक्सवाल्याला नाही, एडविनला केला. "एडविनकाका, भिंत मोठी आहे. अर्थासकट रंगवा."

दौंडच्या स्टेशनसमोर शिडी लावून एडविन उभा राहिला. फेथ आत नव्या तंत्रज्ञाला मशीन शिकवत होती. एडविननं ‘स’ काढला आणि त्याला सगळ्या गावादेखत भलीमोठी, डौलदार, पुढच्या अक्षराची जागा खुशाल खाणारी दुसरी वेलांटी दिली. रेल्वेतून निवृत्त झालेले एक आजोबा खाली येऊन उभे राहिले. वाचून म्हणाले, "सीटी? गाडीची शिट्टी शिकवनार का काय हितं?"

एडविन एवढा खदखदून हसला की शिडी हलली. "बसा आप्पा, चहा सांगतो. लई मोठी गोष्ट हाय."

भिंत पुरी झाली तेव्हा खालचा कोपरा रिकामा होता. या वेळी त्यात इमारती आल्या नाहीत. आयुष्यभर एडविननं आपल्या कामाखाली ‘एडविन आर्ट्स’ अशी सही केली होती. दौंडच्या भिंतीवर त्यानं बारीक ब्रश घेतला, आत काचेपलीकडं उभ्या असलेल्या पोरीकडं एकदा बघितलं आणि लिहिलं: ‘काप: फेथ. चित्र: एडविन.’